पक्ष्यांचे फोटो सुधारायचेत? 'वा, छान!' ऐकून थांबू नका

हिवाळ्यात भरतपूर किंवा भिगवणला जाऊन आलेल्या घरात पुढचे काही दिवस पक्ष्यांच्या फोटोंचीच चर्चा असते. मामा-मामी, शेजारीपाजारी सगळे फोटो बघतात आणि एकच अभिप्राय देतात, 'वा, छान!' ऐकायला बरे वाटते. पण पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तसेच फोटो येतात. बगळा म्हणजे नुसता पांढरा डाग, खंड्या धूसर आणि रोहित पक्ष्यांच्या मागे नेमकी दुसऱ्या पर्यटकांची नाव!

कौतुकाने हुरूप वाढतो, पण हात सुधारतो तो नेमक्या अभिप्रायाने. तो देणे आणि घेणे, दोन्ही शिकता येते.

दोष नव्हे, उपाय सांगा

'छान' हा शब्द जितका निरुपयोगी, तितकाच 'जमला नाही' हाही. बघणाऱ्याने तीन गोष्टी सांगाव्यात. काय आवडले, नजर कुठे अडखळली आणि पुढच्या वेळी काय करून बघता येईल.

समजा, बगळ्याचा फोटो समोर आहे. 'पाण्यातले प्रतिबिंब पूर्ण आले आहे, ते सुंदर दिसते. पण पाठीवरची पिसे वेगळी दिसत नाहीत. मागे गडद झाडी असल्याने कॅमेऱ्याने प्रकाश जास्त घेतला असावा. पुढच्या वेळी एक्स्पोजर थोडे कमी करून बघ.' असे सांगितले, तर ऐकणारा खट्टू होत नाही. त्याला पुढची वाट सापडते. याउलट, उजळ आकाशासमोर बसलेला हिरवा पोपटही काळा दिसतो. तिथे एक्स्पोजर वाढवावे लागते.

आधी काय बघाल?

सर्वांत आधी पक्ष्याचा डोळा बघा. डोळा स्पष्ट असेल आणि त्यात प्रकाशाचा बारीक ठिपका असेल, तर पक्षी जिवंत वाटतो.

फोटो धूसर असेल, तर कारण शोधा. मागची फांदी स्पष्ट आणि पक्षी अस्पष्ट असेल, तर फोकस चुकला. सगळाच फोटो हलला असेल, तर बहुधा कॅमेरा हलला. केवळ पंख पुसट असतील, तर शटरचा वेग कमी पडला. बसलेल्या पक्ष्यासाठी साधारण १/५०० सेकंद आणि उडत्या पक्ष्यासाठी १/१६०० सेकंद किंवा त्याहून जास्त वेग ठेवून सुरुवात करावी.

मग मांडणी बघा. पक्षी ज्या दिशेला बघतो, तिकडे थोडी मोकळी जागा हवी. त्याच्या डोक्यातून फांदी उगवल्यासारखी दिसते का? दोन पावले सरकले असते, तर ती टळली असती. उभ्याने घेतलेल्या फोटोपेक्षा खाली बसून, पक्ष्याच्या नजरेच्या पातळीवरून घेतलेला फोटो जास्त जवळचा वाटतो. सकाळचा कोवळा प्रकाश आणि पाठीशी सूर्य असेल, तर निम्मे काम सोपे होते.

अभिप्राय मागताना

पन्नास फोटो पुढे ठेवू नका, तीनच ठेवा. 'कसा आहे?' असे न विचारता 'मागची झाडी खटकते का?' असे विचारा. कापून नीटनेटका केलेला फोटो दाखवताना मूळ पूर्ण फोटोही दाखवा. 'पक्षी फार लांब होता' ही सबब लगेच पुढे करू नका. एकच सूचना लक्षात ठेवा आणि येत्या रविवारी ती वापरून बघा. त्यासाठी भरतपूरच गाठायला हवे असे नाही. अंगणातली साळुंकी किंवा बुलबुलही चालेल.

पक्ष्याचेही ऐका

खुद्द पक्षीही अभिप्राय देत असतो. त्याने खाणे थांबवले, मान ताणून तुमच्याकडे पाहिले किंवा ओरडायला सुरुवात केली, तर तुम्ही फार जवळ गेला आहात. शांतपणे मागे सरका.

घरट्याच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवे. बाल्कनीतल्या कुंडीत बुलबुलाने घरटे केले, की मुलांना फोटोचा मोह होतो. पण पाने बाजूला केली की पिल्लांना ऊन लागते, कावळ्याला घरटे दिसते आणि वारंवार त्रास झाल्यास आईबाप घरटे सोडून जाण्याचीही भीती असते. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये तर 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी यांना उपद्रव देणे येते!

म्हणून मुलाने घरट्याचा फोटो आणला, तर रागावू नका. पण 'वा, छान!' असेही म्हणू नका. फोकस आणि प्रकाशाची चर्चा नंतर. आधी एवढेच विचारा, 'हा घेताना पक्ष्याला त्रास तर झाला नाही ना?' हा प्रश्न ज्याच्या मनात रुजला, तो पुढच्या वेळी पिल्ले उडून जाईपर्यंत कॅमेरा बाजूला ठेवेल आणि खिडकीआडूनच त्यांना बघेल.