आपण जाहिरात पाहतो, की जाहिरात आपल्याला?

पूर्वी जाहिरात सर्वांना सारखी दिसत असे. एस. टी. स्टँडच्या भिंतीवर दंतमंजनाची जाहिरात रंगवलेली असली, की ती गावच्या पाटलालाही तीच दिसे आणि वस्तीतून कामाला निघालेल्या मजुरालाही तीच. दूरदर्शनवर ‘निरमा’ची जाहिरात लागली की सगळ्या चाळीला एकच गाणे ऐकू येई. जाहिरात बोलत होती, आपण ऐकत होतो. आपण कोण, आपल्या खिशात किती पैसे, आपल्या घरात कोण आजारी, हे त्या भिंतीला ठाऊक नव्हते.

आज एकाच खोलीत कुटुंबातले चौघे बसलेले असतात आणि चौघांच्या मोबाईलवर चार जाहिराती असतात. बापाला झटपट कर्जाची, आईला गुडघेदुखीच्या तेलाची, मुलीला चेहरा उजळ करणाऱ्या क्रीमची, मुलाला स्पर्धा परीक्षेच्या क्लासची. हा योगायोग नाही. भिंतीला आता डोळे फुटले आहेत. ज्यांच्या हातात पैसा, त्यांच्याच हातात हे डोळे आहेत. म्हणून हा विषय केवळ मोबाईलचा नाही. तो सत्तेचा विषय आहे आणि आपल्या समाजाने तो समजून घेतलाच पाहिजे.

फुकट काय असते?

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या तिन्हींची मालक एकच अमेरिकन कंपनी आहे, मेटा. आपण तिला महिन्याला एक रुपयाही देत नाही. तरीही २०२४ या एका वर्षात या कंपनीचे उत्पन्न १६,४५० कोटी डॉलर होते. डॉलरचा भाव ८४ रुपये धरला तर हा आकडा १३ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या पुढे जातो. महाराष्ट्र शासनाचा २०२५-२६ चा संपूर्ण अर्थसंकल्प सुमारे ७ लाख कोटींचा होता. म्हणजे महाराष्ट्र शासन वर्षभरात जेवढा खर्च मांडते, त्याच्या जवळजवळ दुप्पट पैसा ही एक कंपनी मिळवते. त्यातल्या दर शंभर रुपयांपैकी ९७ हून अधिक रुपये जाहिरातीतून आलेले आहेत.

आम्ही आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या. जमेच्या बाजूला रक्कम असली, की ती कुणाच्या तरी नावे पडलेली असतेच. दुकानदार मालाची किंमत घेतो. इथे माल कोणता? माल आपण आहोत. आपण काय पाहिले, किती वेळ पाहिले, कुठे थांबलो, कुणाशी बोललो, रात्री किती वाजता झोपलो, याची नोंद ठेवली जाते. त्यावरून हा मनुष्य काय विकत घेईल याचा अंदाज बांधला जातो. मग आपल्यापुढे एक पान उघडते न उघडते तोच, डोळ्याचे पाते लवण्याच्या आत, यंत्रांमध्ये लिलाव होतो. या माणसापुढे जाहिरात लावायला कोण किती देतो? जो अधिक बोली लावील आणि ज्याची जाहिरात आपण दाबण्याची शक्यता अधिक, त्याची जाहिरात आपल्यासमोर येते. असे लिलाव दिवसभर चाललेले असतात आणि आपल्याला बोलीचा आवाजही येत नाही.

पुष्कळ भगिनी म्हणतात, “आम्ही घरात मिक्सरबद्दल बोललो आणि लगेच मिक्सरची जाहिरात आली, फोन आपले बोलणे ऐकतो.” या कंपन्या अशा जाहिरातींसाठी सतत आपले बोलणे ऐकतात, याचा ठोस पुरावा आजवर पुढे आलेला नाही. त्यांना ऐकण्याची गरजही नाही. आपण मिक्सरच्या दुकानासमोर उभे होतो हे फोनला ठाऊक असते, शेजारणीने कालच मिक्सर शोधला हेही ठाऊक असते आणि आपण दोघी मैत्रिणी आहोत हेही. न ऐकता जो इतके ओळखतो, त्याच्यापासून अधिक सावध राहिले पाहिजे.

या पाळतीची किंमत केवढी आहे, ते त्यांच्याच तोंडून बाहेर आले आहे. एप्रिल २०२१ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या फोनवर एक साधा प्रश्न सुरू केला : हे ॲप तुमचा माग काढू इच्छिते, परवानगी देता का? बहुसंख्य लोकांनी नाही म्हटले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मेटाने सांगितले की, या बदलामुळे त्या वर्षी सुमारे एक हजार कोटी डॉलरचा फटका बसेल. माणसाला नुसते विचारले तर एवढे नुकसान होते, मग न विचारता किती मिळवले असेल?

सावकाराची नवी खतावणी

गावचा सावकार कसा असे, ते आपल्या वाडवडिलांनी सोसले आहे. कुणाच्या घरी लग्न निघाले, कुणाचा बैल मेला, कुणाचे पीक बुडाले, याची बित्तंबातमी त्याच्याकडे असे. गरज दिसली की तो स्वतः दारात येई. आजचा सावकार मोबाईलमधून येतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये नेमलेल्या कार्यगटाला कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप आढळली. त्यांपैकी ६०० बेकायदेशीर होती. त्यांची रीत अशी की, कर्ज देतानाच फोनमधली सर्व नावे, नंबर आणि फोटो काढून घ्यायचे आणि हप्ता चुकला की त्या सर्व नातेवाइकांना, कामावरच्या साहेबाला, शेजाऱ्यांना फोन करून बेअब्रू करायची. या छळाला कंटाळून देशात अनेकांनी जीव दिला आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की, कर्ज देणाऱ्या ॲपला फोनमधील नंबरांची यादी, फोटो, फाइली आणि कॉलची नोंद घेता येणार नाही. हा नियम घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असावा. जे ॲप नंबरांची यादी मागते ते सावकाराचे आहे असे समजावे आणि काढून टाकावे. कुणी फसले असेल तर त्याने लाजेने गप्प बसू नये. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे, त्यावर तक्रार करावी. अब्रू धमकावणाऱ्याची जाते, कर्ज घेणाऱ्याची जात नाही.

ओळखीच्या खुणा

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले की, ज्या पेहरावावरून आणि दागिन्यांवरून लांबूनच तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता, त्या खुणा टाकून द्या. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले. लुगडे नेसण्याची तऱ्हा बदलली, जड दागिने उतरवले. अंगावरच्या खुणा पुसल्या. परंतु आता खुणा अंगावर नसून फोनमध्ये आहेत. आडनाव, वस्तीचा पिनकोड, १४ एप्रिलला आपण कोणती गाणी ऐकली, ऑक्टोबरात नागपूरचे तिकीट काढले की नाही, एवढ्यावरून यंत्र काय ओळखणार नाही? त्याला जात विचारावी लागत नाही.

हे आम्ही उगाच भीती घालण्यासाठी लिहीत नाही. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ रोजी झाली आणि त्यानंतर आठवड्याभरातच तेथे घर देताना वर्णभेद करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. ‘घर भाड्याने आहे, काळ्यांनी येऊ नये’ अशी पाटी लावणे गुन्हा ठरला. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी फेसबुकवर घराशी संबंधित जाहिरात देऊन पाहिली. ती कृष्णवर्णीयांना दिसू नये अशी निवड करण्याची सोय तेथे होती. पाटी नाही, नकार नाही, भांडण नाही. ज्याला घर द्यायचे नाही, त्याला घर रिकामे आहे हे कळूच द्यायचे नाही! मार्च २०१९ मध्ये अमेरिकन सरकारच्या गृहनिर्माण खात्याने फेसबुकवर या कायद्याच्या भंगाचा आरोप ठेवला. अखेर जून २०२२ मध्ये कंपनीने तेथील न्याय खात्याशी तडजोड करून आपली पद्धत बदलण्याचे मान्य केले.

आपल्याकडे आडनाव ऐकून घर नाकारणाऱ्या मालकाशी आपण निदान भांडू तरी शकतो. जी नोकरीची किंवा घराची जाहिरात आपल्याला कधी दिसलीच नाही, तिच्याविरुद्ध तक्रार कशी करणार? अस्पृश्यता डोळ्यांना दिसेनाशी झाली म्हणून ती संपली असे होत नाही.

मत आणि किंमत

२०१८ साली केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण उघडकीस आले. एका प्रश्नोत्तरांच्या ॲपमधून जगातील सुमारे ८ कोटी ७० लाख फेसबुक वापरणाऱ्यांची माहिती निवडणूक प्रचाराचा धंदा करणाऱ्या कंपनीकडे गेली. भारतातला आकडा पाहा. ते ॲप आपल्या देशात फक्त ३३५ लोकांनी घेतले होते, पण त्यांच्या मित्रयादीतून ५ लाख ६२ हजारांवर लोकांची माहिती गेली असावी, असे फेसबुकनेच सांगितले. एकाच्या निष्काळजीपणामुळे हजारो माणसे उघडी पडतात. आपली माहिती ही आपल्या एकट्याची नसते, हा यातला धडा आहे.

आता दुसरी बाजू पाहा. गरिबाचे सर्व काही उघडे, आणि पैसेवाल्याचे? राजकीय पक्षांना कुणी किती पैसे दिले हे झाकणारी निवडणूक रोख्यांची योजना २०१८ पासून चालू होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, तेव्हा नावे बाहेर आली. सामान्य मतदाराची आवडनिवड बाजारात विकली जावी आणि लाखो-कोटींच्या देणगीदाराचे नाव कुलपात राहावे, हा कुठला न्याय? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत. ती विसंगती आज आपल्या खिशात वाजते आहे.

कायदा आहे, पण...

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. त्याचा आधार बाबासाहेबांच्या घटनेतले २१ वे कलम आहे. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास व त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास या कायद्यात मनाई आहे. परंतु मुख्य तरतुदींची पूर्तता करण्यास कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत दिली गेली आहे.

आणि दंड? व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या धोरणाबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड केला. आपल्याला हा आकडा डोंगराएवढा वाटेल. वर दिलेल्या उत्पन्नाला वर्षाच्या तासांनी भागून पाहा. ती त्या कंपनीची जेमतेम दीड तासाची कमाई आहे. हजेरी बुडाली म्हणून मजुराचा एक दिवस कापतात, त्यापेक्षा ही शिक्षा कमी झाली!

आपण काय करावे?

१९२० साली ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा ‘केसरी’ने पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापण्यास नकार दिला होता. पैसा बोलतो म्हणतात, पण कुणाचा पैसा बोलू द्यायचा हेही सत्ताच ठरवते. तरीही ‘मूकनायक’ निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. पुढे १९४३ च्या पुण्यातील रानडे जयंतीच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, या देशात पत्रकारिता हा पेशा होता तो आता धंदा झाला आहे, आणि साबण बनवण्याच्या धंद्यापेक्षा अधिक नैतिक जबाबदारी तिला उरलेली नाही. म्हणून आपली पत्रे वर्गणीवर जगली पाहिजेत. जाहिरातदाराच्या दयेवर जगणारे पत्र जाहिरातदाराविरुद्ध लिहीत नाही.

घरात करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपला दिलेल्या परवानग्या पाहाव्यात, टॉर्चच्या ॲपला आपल्या नंबरांची यादी लागत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये जाहिरातीसाठीचा ओळखक्रमांक काढून टाकण्याची सोय आहे, ती वापरावी. दुकानात बिल करताना मोबाईल नंबर मागितला तर “कशासाठी?” असे विचारावे. विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास शिकल्या-सवरलेल्या मुलामुलींनी वडीलधाऱ्यांचे फोन तपासून द्यावेत. हेही धम्मकार्यच आहे.

आणि शेवटी आपला जुना दिवा. भगवान बुद्धांनी राजगृहाच्या सिगालाला सांगितले होते की, गृहस्थाने आपल्या कमाईचे चार भाग करावेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी. जाहिरातीचा सारा खटाटोप आपला तो चौथा भाग आजच पळवण्यासाठी चाललेला असतो. तृष्णा हे दुःखाचे मूळ आहे, हे आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. तृष्णा कारखान्यात तयार करून घरपोच पाठवण्याची व्यवस्था आज उभी आहे, तेव्हा हा उपदेश आपल्या संसाराच्या हिशेबाला लावला पाहिजे. न दिलेले घेऊ नये, असे दुसरे शील आपण पाळतो. आपण न दिलेले दुसऱ्याने घेऊ नये, असे ठणकावून सांगण्याचा अधिकारही आपलाच आहे. तो वापरू या.

जयभीम!