गुडघे, काठी आणि डॅन्यूब

युरोपची सहल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? आयफेल टॉवर, स्वित्झर्लंडचा बर्फ, आणि पहाटे दारावर पडणारी थाप. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बॅगा खाली, साडेआठला बस. रोज नवं हॉटेल, रोज बॅग भरा आणि उघडा. पन्नाशीच्या आतल्या धडधाकट माणसाचीसुद्धा चौथ्या दिवशी दमछाक होते. मग जिचे गुडघे कुरकुरतात, जी काठी किंवा वॉकर घेऊन चालते, तिनं काय करायचं? बहुतेक जणी टीव्हीवर बघतात आणि म्हणतात, "आमचं काय आता, संपलं सगळं."

आमच्या ज्येष्ठ महिला मंडळात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मला त्याचा राग येतो. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या पाठीमागे धावण्यात गेलं. मुलं मार्गी लागली, हाती चार पैसे आणि वेळ आला, तेव्हा नेमके पाय रुसले. त्यात "संपलं" हे इतर कुणी ठरवण्याआधी बाई स्वतःच ठरवून टाकते.

म्हणून आज जरा वेगळ्या सहलीबद्दल लिहितेय. नदीवरच्या क्रूझची. २०२३ च्या मे महिन्यात माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, घेऊन मी डॅन्यूब नदीवर आठ दिवस काढले. आत्या पंचाहत्तरच्या. दोन्ही गुडघ्यांना संधिवात. घरात वॉकर, बाहेर माझा दंड. वाईच्या घाटाच्या पायऱ्या त्यांनी पाच वर्षांत उतरलेल्या नव्हत्या. धाकटे दीर म्युनिकला असतात, त्यांनी आईच्या पंचाहत्तरीसाठी हा घाट घातला. खर्च त्यांचा आणि सोबत माझी, अशी वाटणी. हे आधीच सांगते, कारण ही सहल स्वस्त नाही. माणशी लाखांतच हिशेब जातो.

पण कल्पना काय आहे ते समजून घ्या. समुद्रावरची क्रूझ म्हणजे तरंगतं गाव, हजारो माणसं. नदीवरचं जहाज लहान, दीड-दोनशे प्रवाशांचं. आपण खोलीत एकदाच बॅग उघडायची. रात्री झोपायचं ऑस्ट्रियात आणि सकाळी खिडकीतून दुसराच देश बघायचा. गाव आपल्याकडे चालत येतं म्हणा ना. आमचं जहाज जर्मनीतल्या पासाऊहून निघून ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया करत हंगेरीतल्या बुडापेस्टपर्यंत गेलं आणि परत आलं. पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या एकत्र येतात. आत्यांनी तिथंच हात जोडले. संगम तो संगम!

आता खरी गोष्ट. एजंटानं दिरांना सांगितलं होतं, "सगळं व्हीलचेअर फ्रेंडली आहे." या शब्दावर कधीही विसंबू नका. जहाजात लिफ्ट होती, पण ती मधल्या दोन मजल्यांपुरतीच. सगळ्यात खालच्या मजल्याला नाही, आणि वरच्या मोकळ्या डेकला तर नाहीच. बऱ्याच नदीजहाजांचं असंच असतं, आणि त्याला कारण आहे. नद्यांवरचे पूल बुटके, त्यामुळे जहाज उंच बांधता येत नाही. काही पुलांखालून जाताना कप्तानाची केबिनसुद्धा खाली घेतात. रुंदीचंही तेच. ऱ्हाइन आणि डॅन्यूब यांना जोडणारा माइन-डॅन्यूब कालवा १९९२ साली पुरा झाला. त्याची जलद्वारं १२ मीटर रुंदीची. त्यातून जायचं तर जहाज साडेअकरा मीटरच्या आतच हवं, लांबी मात्र १३५ मीटरपर्यंत चालते. म्हणजे आगगाडीसारखा लांबट, अरुंद प्रकार. मग बोळ अरुंद, खोल्या लहान, न्हाणीघर त्याहून लहान. आमच्या न्हाणीघराला चांगला हातभर नाही, पण वीतभर उंबरठा होता. ज्यांचा पाय उचलत नाही त्यांना वीतभर उंबरठा म्हणजे डोंगर. रात्री दोनदा उठून मी आत्यांना तो डोंगर पार करून द्यायची.

खोली कोणत्या मजल्यावर आहे, तिथं लिफ्ट येते का, दाराची रुंदी किती, न्हाणीघराला उंबरठा आहे का, धरायला दांडी आहे का, बसायला स्टूल मिळेल का, हे विचारायचं ते खास या जहाजाबद्दल. कंपनीच्या "बहुतेक जहाजांवर" काय असतं ते आपल्या काय कामाचं? आणि उत्तर लेखी घ्यायचं. आपली घडीची व्हीलचेअर न्यायची असेल तर ती उघडल्यावर किती रुंद होते ते घरीच टेपनं मोजा. काही जहाजांवर खास मोठ्या दारांच्या एक-दोन खोल्या असतात, त्या फार लवकर जातात. बॅटरीची खुर्ची किंवा स्कूटर अनेक कंपन्या घेतच नाहीत, आणि विमानातही तिच्या बॅटरीसाठी वेगळी परवानगी लागते.

व्हीलचेअरचं तर आमच्याकडे रामायण झालं. "मी काय आजारी आहे का? खुर्चीत बसवून मिरवू नका मला." मुंबईच्या विमानतळावर आत्या अडून बसल्या, म्हणजे उभ्याच राहिल्या. शेवटी तिथं खुर्ची ढकलणाऱ्या मुलानं "आजी, लांब चालायचंय हो, बसा" म्हटलं आणि त्या बसल्या. सुनेनं सांगितलं असतं तर बसल्या नसत्या! ही खुर्ची विमान कंपनीला तिकीट काढतानाच सांगून ठेवता येते. युरोपातल्या विमानतळांवर ही मदत फुकट द्यावी लागते, २००८ पासून तसा नियमच आहे. फक्त ४८ तास आधी कळवायचं.

बोटींसाठीही युरोपियन युनियनचा असाच नियम आहे, २०१० साली केलेला आणि डिसेंबर २०१२ पासून लागू असलेला. चालता येत नाही एवढ्याच कारणानं तिकीट नाकारता येत नाही, चढायला-उतरायला मदत फुकट मिळते. पण त्यात एक पळवाटही आहे. जहाजाची किंवा धक्क्याची रचनाच अशी असेल की सुरक्षितपणे नेता येणार नाही, तर कंपनी नाही म्हणू शकते. मात्र कारण सांगावं लागतं. आणि मदत म्हणजे उचलून नेणं नव्हे. जहाजावरची मुलंमुली हात देत, हसतमुखानं देत, पण खुर्ची ढकलणं, कपडे बदलणं, औषधं देणं हे सोबतच्या माणसाचं काम. बहुतेक कंपन्या ते स्पष्ट लिहूनच देतात.

दिवस कसे गेले? पहिल्याच रात्री जलद्वार लागलं. जहाज एका उंच भिंतींच्या हौदात शिरतं, मागचं दार बंद होतं आणि पाणी उतरायला लागतं. खिडकीतून दिसणारं आभाळ वर वर जातं. "अगं, विहिरीत उतरल्यासारखं वाटतंय," आत्या म्हणाल्या. मग पुढचं दार उघडतं आणि नदी पुन्हा सुरू. पासाऊ ते व्हिएन्ना अशी जलद्वारं एकामागून एक येत राहतात. आत्यांना त्याचं इतकं वेड लागलं की रात्री जहाज हळू झालं की मला हलवून उठवत.

मेल्क ते क्रेम्स या वाखाऊ खोऱ्यात तर त्यांनी जागा सोडलीच नाही. दोन्ही काठांना द्राक्षमळ्यांच्या दगडी पायऱ्या, जर्दाळूच्या बागा, टेकडीवर मोडके किल्ले. हे खोरं २००० सालापासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. वरच्या डेकवर जाता येत नव्हतं, पण पुढच्या बाजूला मोठ्या काचांची बैठकीची खोली होती, तिथवर लिफ्ट येत होती. द्युर्नस्टाइन गावात उतरायचं होतं. इंग्लंडचा राजा रिचर्ड ज्या किल्ल्यात कैदेत होता, तो तिथला. पण गाव चढावर, रस्ते गोट्या दगडांचे. अशा दगडांवर वॉकरचं चाक अडकतं आणि खुर्चीत बसलेल्या माणसाची हाडं खिळखिळी होतात. आत्या म्हणाल्या, "तू जा. मी इथं बसते." मी म्हटलं, राहू दे. तर चिडल्याच. "माझ्यामुळं तू बसलीस तर मला तुझं ओझं वाटेल." मी गेले. दीड तास एकटी फिरले, निळ्या मनोऱ्याचं चर्च बघितलं, जर्दाळूचा मुरांबा घेतला. लग्नाला बावीस वर्षं झाली, परक्या गावात अशी एकटी मी कधी फिरले होते, आठवत नाही. परत आले तर आत्या एका जर्मन आजीबरोबर हातवाऱ्यांनी गप्पा मारत होत्या. विषय अर्थातच गुडघे.

ब्रातिस्लाव्हाला मात्र हिरमोड झाला. धक्क्यावर जागा कमी असली की जहाजं एकाला एक लावून उभी करतात. मग आपण शेजारच्या जहाजातून पलीकडे उतरायचं. दोन्हींचे दरवाजे एका पातळीत असतील तर ठीक. नसतील तर वरच्या डेकवर चढून, पलीकडे जाऊन, पुन्हा उतरायचं. तिथं तेच झालं. खरं तर ब्रातिस्लाव्हाचं जुनं गाव बरंच सपाट, धक्क्यापासून जवळ, आत्यांना सहज जमलं असतं. समोर दिसणारं गाव आणि मधे दहा पायऱ्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत नीट. कार्यक्रमपत्रिकेत कुठंही ही गोष्ट लिहिलेली नसते, म्हणून मुद्दाम सांगतेय. असं होणार, एखादं गाव सुटणार, हे मनाशी धरूनच निघावं.

व्हिएन्नानं सगळी भरपाई केली. जहाज गावाबाहेर थांबतं, पण मेट्रोच्या स्टेशनांना लिफ्ट आहेत आणि सेंट स्टीफन कॅथेड्रलभोवतीचा परिसर सपाट, पायी चालणाऱ्यांसाठी राखलेला. खुर्ची लोण्यासारखी जाते. रस्त्यात कुणी वळून बघत नाही, कुणी "अरेरे" करत नाही. दुसऱ्या दिवशी आत्या स्वतःच म्हणाल्या, "खुर्ची काढ." बुडापेस्टला तर उतरलं नाही तरी चालेल. जहाज शहराच्या मधोमध लागतं, आणि रात्री पार्लमेंटच्या इमारतीवरचे सोनेरी दिवे पाण्यात उतरतात. तिथली १८९६ सालची भुयारी रेल्वे बघण्यासारखी, पण जुनी असल्यानं पायऱ्यांची. आम्ही नाद सोडला.

जेवणाचं म्हणाल तर आधी कळवलं की शाकाहारी मिळतं. पण रोज चीज आणि बटाटा. मेतकूट आणि लसणाची चटणी न्यायला विसरू नका.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी दिवसाच्या बोटी आहेत. क्रेम्स ते मेल्क अशी बोट हंगामात चालते. आपल्याकडच्या ग्रुप टूर्समध्ये ऱ्हाइनवरची तास-दीड तासाची फेरी पुष्कळदा असते. तिकडं कुणाची मुलगी, भाचा असेल तर एवढंही पुरे.

नेदरलँड्समध्ये तर 'झोनेब्लूम' म्हणजे सूर्यफूल नावाची संस्था आहे, १९४९ पासूनची. गंभीर अपंगत्व असलेल्यांसाठी तिचं स्वतःचं जहाज आहे, सोबत परिचारिका आणि स्वयंसेवक. ते तिथल्या लोकांसाठी, आपल्याला त्याचा उपयोग नाही. पण समाजकार्य करणारी म्हणून मला हेवा वाटला. आपण आजाऱ्याला औषध देतो, फळं देतो. त्याला सहल द्यावी असं आपल्याला सुचत नाही.

राहिलं व्हिसा आणि विमा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला प्रत्यक्ष जावं लागतं, म्हातारपणाची सूट नाही. विमा घेताना बीपी, मधुमेह, सांध्यांचं दुखणं लपवू नका, आणि जुन्या आजारांवर पैसे मिळतात का ते बारीक अक्षरांत वाचा. औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

महिना कोणता निवडायचा हाही प्रश्न आहे. २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात ऱ्हाइनचं पाणी इतकं आटलं होतं की जहाजं नीट चालेनात. अशा वेळी प्रवाशांना मधला टप्पा बसनं नेतात, आणि बसच्या पायऱ्या म्हणजे आमच्यासारख्यांचा सगळ्यात मोठा शत्रू. शिवाय पाणी खाली गेलं की धक्क्यावर चढायची फळी घसरगुंडीसारखी उभी होते. २०२४ च्या सप्टेंबरात उलटं झालं, डॅन्यूबला पूर आला आणि जहाजं अडकून पडली. डिसेंबरात नाताळचे बाजार सुंदर असतात म्हणे, पण ओल्या दगडांवर काठी घसरते. मला विचाराल तर मे-जून बरा. आत्यांनी आता ऱ्हाइनचा विषय काढलाय, आणि दीर त्या जहाजाच्या न्हाणीघराचा उंबरठा किती उंच आहे, याचं लेखी उत्तर मिळायची वाट बघताहेत.