‘आजीवन’ म्हणजे कोणाचे जीवन?

२००५ च्या अखेरीस मोबाइल कंपन्यांनी हजारभर रुपयांत ‘आजीवन’ वैधता देऊ केली. पिंपळवंडीसारख्या गावातील व्यापाऱ्यालाही भुरळ पडावी, असाच तो शब्द होता. पुढे नियामक ‘ट्राय’ने स्पष्ट केले, की हे जीवन ग्राहकाचे नव्हे, कंपनीच्या परवान्याचे, आणि परवाना २० वर्षांचा. त्याआधीच काही कंपन्या मिटल्या. ‘एअरसेल’ २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली.

म्हणून पैसे मोजण्यापूर्वी मुदत लेखी घ्यावी, पावती जपावी. घरगुती खरेदीत वचनभंग झाल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीस शुल्क नाही. मात्र व्यापारासाठी घेतलेल्या मालाला हे संरक्षण सहसा मिळत नाही.

आपणही गादीवर बसतो. सत्याणुव्रत सांगणाऱ्याने पाळता येईल तेवढेच वचन द्यावे. पेढीची पत त्यावरच उभी असते.