वकील अर्थमंत्री झाला की

अर्थमंत्री अर्थशास्त्रज्ञच हवा, असं अनेकांना वाटतं. पण राज्यघटनेचं कलम 265 सांगतं, की कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता येत नाही. म्हणजे कर आधी कायद्यात बसवावा लागतो, आणि ते तर वकिलाचं रोजचं काम.

अरुण जेटलींचंच पाहा. 1974 मध्ये ते दिल्ली विद्यापीठ विद्यार्थी संघाचे अध्यक्ष झाले. पुढे वकिली, 1990 मध्ये ज्येष्ठ वकिलाचा दर्जा, 2000 पासून राज्यसभा. 2014 ला अमृतसरमधून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. तरी अर्थखातं त्यांच्याकडेच आलं. याला जनादेश म्हणायचं का, हा वाद रास्त आहे. घटनेला मात्र राज्यसभेचा सदस्यही मंत्री म्हणून चालतो.

त्यांची खरी कसोटी जीएसटीची. केंद्र आणि राज्यं या दोघांनाही एकाच व्यवहारावर कर लावता यावा, म्हणून घटनाच बदलावी लागली : 2016 ची 101वी दुरुस्ती. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश. निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागतं. त्यामुळे केंद्राला राज्यांशिवाय पुढे जाता येत नाही आणि राज्यांना केंद्राशिवाय. जेटलींच्या काळात परिषदेत एकदाही मतदान झालं नाही, चर्चेतूनच तडजोडी निघाल्या. पहिलं मतदान डिसेंबर 2019 मध्ये, त्यांच्या निधनानंतर झालं. विषय होता लॉटरीवरचा कर.