फक्कीची खूण

रिलेचा सराव बघायचा तर सुरुवातीच्या रेघेपाशी थांबण्यात अर्थ नाही. दोघींची गाठ पडते तिथे उभं राहावं. दुसरबीडच्या मैदानावर ती जागा फक्कीच्या दोन रेघांनी आखतात. मधलं अंतर 30 मीटर. बॅटन म्हणून पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा, कडा काचपेपरने घासलेल्या. अधिकृत बॅटनही पोकळ नळीच. लांबी 28 ते 30 सेंटीमीटर, वजन किमान 50 ग्रॅम. सगळी मेख असते ती खुणेत.

घेणारी मुलगी आपल्या जागेपासून मागे, देणारी येणार त्या बाजूला, पावलाला पाऊल लावून मोजत जाते आणि तिथे फक्कीची चिमूट टाकते. परत येऊन, अर्धी वळून, नजर त्या चिमटीवर. देणारीचा पाय खुणेवर पडला की सुसाट निघायचं, मागे बघायचं नाही. ‘घे!’ ऐकू आलं की हात मागे. सुरुवातीला मान वळतेच. मान वळली की खांदा वळतो, वेग पडतो आणि मागची अंगावर येऊन आदळते. पुढची हाती लागत नसेल तर खूण दोन पावलं जवळ घ्यायची. मागची अंगावर येत असेल तर दोन पावलं लांब. भांडण असं पावलांनी मिटतं.

काळ्या मातीचा हिशेब निराळा. पाऊस पडून गेला की ती तळव्याला धरते. इथे बसवलेली खूण सिंथेटिक ट्रॅकवर चालत नाही, तिथे पुन्हा मोजावं लागतं. त्यात इथली बरीच पोरं पोलीस भरतीसाठी पळणारी: मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय दोघांनाही 100. सगळं एकट्याने पळायचं. वर्षभर पाय कमवायचे आणि बॅटन बदलणं शेवटच्या आठवड्यात उरकायचं, ही आपली जुनी खोड. टोकियो ऑलिंपिकच्या रिलेत इटलीच्या चौघांनी 37.50 सेकंदांत सुवर्ण नेलं, ब्रिटन 37.51 वर राहिलं. (ते रौप्यही पुढे उत्तेजकाच्या प्रकरणात गेलं.) एवढा फरक एका वळलेल्या मानेत जातो.

आपल्याकडे हे कधी जमलंच नाही असं नाही. 1954 च्या मनिला आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी 4×100 रिलेचं सुवर्ण जिंकलं. त्या चौघींत वांद्र्याची मेरी डिसूझा होती आणि गोव्यात जन्मलेली स्टेफी डिसूझा. दोघी हॉकीही खेळत. मेरी 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये धावून आली होती. स्टेफीने 1958 च्या आशियाई स्पर्धेत 200 मीटरचं रौप्य घेतलं, 1964 ला टोकियो ऑलिंपिकमध्ये 400 मीटर धावली. पी. टी. उषा सगळ्यांना ठाऊक. या दोघींची नावं मैदानावर कुणी घेत नाही.

चौघींत कोण कुठे, यावरून रोज कुरबुर. सगळ्यांना शेवटचा टप्पा हवा, कारण फोटो तिथे निघतो. पहिली आणि तिसरी वळणावर पळतात, म्हणून नळी उजव्या हातात. आतली कड धरता येते. वळण नीट कापणारी मुलगी शोधून सापडत नाही, आणि सापडली की तिसऱ्या नंबरवर रुसते.

नळी पडली की मुली डोकं धरून उभ्या राहतात. नियमाने शर्यत तिथे संपत नाही: जिच्या हातून पडली तिने उचलायची, दुसरीच्या आड न येता, आणि पळायचं. म्हणून सरावात अधूनमधून नळी मुद्दाम पाडायला लावतात.