आपण किती शिकलो, हे कसे ओळखावे?

कराड तालुक्यातल्या एका लहानशा गावची मी मुलगी. घरी ऊस आहे, दोन म्हशी आहेत, आणि मी सध्या शहरात राहून उपयोजित कलेचे शिक्षण घेते आहे. 'उपयोजित कला' म्हटले की पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. आमच्या आजीने पहिल्याच दिवशी विचारले, "म्हंजे ग काय? पाट्या रंगवणार व्हय तू?"

आजीचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. दुकानाची पाटी घ्या, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर घ्या, औषधाच्या बाटलीवरचे लेबल, शाळेचे पुस्तक, एस. टी.च्या कपाळावरचा गावाच्या नावाचा फलक, नाहीतर लग्नाची पत्रिका घ्या. या प्रत्येक वस्तूवर कोणते अक्षर किती मोठे असावे, कोणता रंग कुठे यावा, काय आधी वाचले जावे आणि काय मागून, हे कुणीतरी बसून ठरविलेले असते. ते ठरविण्याची ही विद्या. हल्ली तिला ग्राफिक डिझाइन म्हणतात. चित्रकाराचे चित्र भिंतीवर शोभते. आमचे चित्र कामाला जुंपलेले असते, एवढाच फरक.

पण आज मी तुम्हाला या विद्येची जाहिरात ऐकविणार नाही. कोणतीही विद्या शिकताना आपण पुढे चाललो आहोत की जागच्या जागी पाय आपटतो आहोत, हे कसे ओळखावे, याविषयी दोन शब्द सांगणार आहे. ते मला एका फजितीतून कळले, म्हणून आधी ती फजिती सांगते.

पहिल्या वर्षी मी वहीच्या पहिल्याच पानावर उद्दिष्टे लिहून काढली होती. संगणकावर चित्र काढण्याची दोन साधने यावीत. शंभर निरनिराळ्या वळणांची अक्षरे संग्रही असावीत. रोज एक चित्र पुरे व्हावे. वर्गात पहिल्या तिघांत नंबर यावा. वर्षअखेर यातल्या बहुतेक ओळींपुढे मी बरोबरची खूण केली आणि मोठ्या ऐटीत सुट्टीला घरी आले.

गावात त्याच आठवड्यात जनावरांना लाळ-खुरकुताची लस टोचायची होती. सूचनेचा फलक करायचे काम साहजिकच माझ्याकडे आले. मी हिरव्यागार जमिनीवर लाल अक्षरे काढली. मधोमध डौलदार खिलारी बैल काढला. अक्षरांना अशी काही वळणे दिली की माझे मलाच कौतुक वाटले. दिवस आणि वेळ मात्र खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत राहिली. फलक पाराजवळ लागला.

लसीकरण होते बुधवारी. गुरुवारी सकाळी चार-पाच घरचे लोक जनावरे घेऊन शाळेच्या मैदानावर हजर! डॉक्टरांचे पथक तर पुढच्या गावाला निघून गेलेले. एक म्हातारे आजोबा मला म्हणाले, "पोरी, बैल झ्याक काढलास, पर तारीख कुठं हाय ती दाव की." आणि आमच्या चुलत्यांनी भर टाकली, "मला तर त्या हिरव्यात काय लिवलंय त्येच दिसंना." नशीब एवढेच, की आठ दिवसांनी डॉक्टर पुन्हा आले आणि राहिलेली जनावरे टोचून झाली. पण त्या आठ दिवसांत गावात रोग शिरला असता, तर माझ्या वहीतल्या बरोबरच्या खुणा कुणाच्या कामाच्या होत्या?

चुलत्यांना लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत, हे मला त्या दिवशी कळले. असे लोक पुष्कळ असतात, आणि त्यांत पुरुष अधिक. हा दोष बहुधा जन्मजात असतो आणि अनेकांना तो स्वतःलाही ठाऊक नसतो. तसे पाहिले तर चांगल्या डोळ्याच्या माणसालाही माझा फलक दुरून कठीणच गेला असणार. कारण रंग वेगळे असले तरी दोन्हींचा गडदपणा सारखाच होता. अक्षर उठून दिसते ते जमिनीच्या आणि अक्षराच्या गडद-फिक्या फरकामुळे. फलकाची झेरॉक्स काढून पाहा. तिच्यात अक्षर नाहीसे झाले, तर रंगांची निवड चुकली म्हणून समजा.

या रंगांच्या गोष्टीवरून आपल्याच भागातले एक उदाहरण आठवते. कराड स्टेशनावरून मिरजेकडे गाडीने निघालात, की वाटेत किर्लोस्करवाडी लागते. ती वाडी वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाले होते, ते चित्रकार होण्यासाठी. पण काही रंगांतला भेद त्यांच्या डोळ्यांना नीट कळत नाही, असे तिथे दिसून आले. चित्रकलेच्या विद्यार्थ्यावर याहून मोठे संकट ते कोणते? लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. ते यंत्रांची रेखाटने करायला शिकले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. मग बेळगावला सायकलींचे दुकान, कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर, असा त्यांचा मार्ग वळत गेला. १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर त्यांनी कारखाना उभा केला. जागा दिली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, आणि ते तर स्वतःच चित्रकार!

यातली आणखी एक गोष्ट आमच्या विद्येच्या फार जवळची आहे. लोखंडाने जमीन नासते, असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज होता, म्हणून सुरुवातीचे नांगर बराच काळ पडून राहिले. नुसता नांगर चांगला असून भागत नव्हते. तो शेतकऱ्याला समजायला हवा होता. पुढे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजेच शं. वा. किर्लोस्कर यांनी कारखान्याच्या जाहिरातीचे काम हाती घेतले. तेही चित्रकला शिकलेले. १९२० साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' हे छोटे पत्रक सुरू केले. त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे त्याला मिळाली. मराठी घराघरांत ही मासिके कित्येक वर्षे वाचली गेली.

तर सांगायचे असे, की उद्दिष्ट बदलणे म्हणजे हार खाणे नव्हे. मीही फजितीनंतर वहीचे ते पान फाडले नाही. त्याच्या शेजारच्या पानावर नवे लिहिले. आता माझ्याकडे तीन मापे आहेत: हात, डोळा आणि वाचणारा.

पहिले माप हाताचे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी तीच पाच अक्षरे त्याच मापाच्या कागदावर काढते: क, ख, ध, भ आणि श्री. खाली तारीख घालते. 'ख' का, तर त्याचे दोन भाग फाकले की 'खत'चे 'रवत' होते. 'ध' आणि 'भ' का, तर डोक्यावरची रेघ जरा चुकली की 'ध'चा 'घ' आणि 'भ'चा 'म' होतो. बोरूचे टोक तिरके कापलेले असते. तो एकाच कोनात धरला तर रेघ कुठे जाड, कुठे बारीक आपोआप होते. मनगट फिरले की ती बिघडते. सहा महिन्यांचे सहा कागद ओळीने मांडले, की आपण कुठे होतो आणि कुठे आलो ते कुणी सांगावे लागत नाही. दुसऱ्याच्या कागदाशी तुलना केली की मन खट्टू होते. आपल्याच जुन्या कागदाशी केली की रस्ता दिसतो.

दुसरे माप डोळ्याचे. फलक भिंतीला लावायचा आणि दहा, वीस, तीस पावले मागे जात वाचायचा. नंतर डोळे अर्धवट मिटून पाहायचा. काय पुसट होते आणि काय टिकते, ते लगेच कळते. जे टिकते तेच लोक वाचणार.

तिसरे माप वाचणाऱ्याचे, आणि ते सर्वांत कठीण. काम दाखवून "कसे झाले आहे?" असे विचारू नये. आपली माणसे "छान झालंय" असेच म्हणतात. त्याऐवजी विचारावे, "कधी जायचं? कुठं जायचं? बरोबर काय न्यायचं?" या तीन प्रश्नांची उत्तरे क्षणात आली, तर आपण शिकलो.

हे माप केवढे मोलाचे आहे, ते शेतकरी बंधूंनी कीटकनाशकाच्या डब्यावर पाहावे. त्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याचे दोन त्रिकोण पाडलेले असतात. खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, तर त्यातल्या त्यात सौम्य, हे ध्यानात ठेवा. पण आमच्या चुलत्यांसारख्या माणसाने काय करावे? त्यासाठी लाल रंगाच्या वरच्या त्रिकोणात कवटी आणि हाडांची खूण असते, आणि प्रत्येक रंगाबरोबर इशाऱ्याचा शब्द असतो. म्हणजे रंग कळला नाही तर खूण, खूण कळली नाही तर शब्द. एकच गोष्ट दोन-तीन वाटांनी सांगायची, हा धडा मला फलक काढण्याआधी मिळायला हवा होता.

शिकणे कुठे संपते, असे विचाराल तर र. कृ. जोशी यांचे नाव सांगते. त्यांनी जाहिरातक्षेत्रात काम केले, पवईच्या आय. आय. टी.त विद्यार्थ्यांना शिकविले, आणि नंतर संगणकासाठी भारतीय लिप्यांची अक्षरे घडविली. संगणकावर देवनागरी लिहिणाऱ्यांच्या परिचयाचे 'मंगल' हे अक्षर त्यांचेच. २००८ साली ते गेले. बोरूने लिहिणाऱ्या माणसाने उतारवयात संगणकाशी मैत्री केली, ती अक्षरासाठी.

आता गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. शासनाच्या रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला, आपली मुले बसतात. तिथे वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असते, भूमिती आणि अक्षरलेखनही असते. श्रेणी मिळाली की वह्या रद्दीत जातात, तसे होऊ देऊ नका. प्रत्येक चित्राखाली तारीख घालायला लावा. वर्षातून दोनदा मुलाला त्याचीच जुनी पाने उलटायला सांगा, आणि काय सुधारले हे त्यालाच दोन ओळींत लिहू द्या. शाळेच्या फळ्यावरची सूचना पाळीपाळीने मुलांकडून लिहून घ्या, आणि दुसऱ्या वर्गातल्या मुलाला ती दारातून वाचायला सांगा. याला पैसा लागत नाही.

पुढच्या खेपेला लसीकरणाचा फलक मीच केला. पांढरी जमीन, काळी अक्षरे, मधोमध मोठ्याने वार, तारीख आणि वेळ. बैल काढला, पण लहान. पाराजवळ लावण्याआधी तो अंगणात टेकवला आणि चुलत्यांना दारातून वाचायला सांगितले. त्यांनी घडाघडा वाचला. आजीला वाचता येत नाही, तिला मी तो वाचून दाखविला, तेव्हा ती म्हणाली, "आता कळलं बाई, तू काय शिकतीस ते."