कारखान्यातील दुर्घटना आणि मालकाचे दायित्व

हैदराबादच्या हिमायतनगरातून मुंबई महामार्गाने पाटणचेरूच्या पुढे गेले की पाशमैलारम ही औद्योगिक वसाहत लागते. सोलापूर-उमरग्याकडून हैदराबादेस जाणाऱ्यांचा हाच मार्ग होय. ३० जून २०२५ रोजी सकाळी तेथील सिगाची इंडस्ट्रीज या कारखान्यात भीषण स्फोट झाला. औषधी गोळ्यांत मिसळावयाची सेल्युलोजची भुकटी येथे तयार होत असे. या दुर्घटनेत ५४ कामगार मरण पावले. त्यांतील पुष्कळसे परप्रांतातून पोटासाठी आलेले होते. ओळख पटविण्यासाठी नातेवाइकांचे नमुने घेऊन डीएनए तपासणी करावी लागली. आठ जणांचे तर अवशेषही हाती आले नाहीत.

अशा वेळी वारसांना वाटते की, मालकाची चूक सिद्ध झाल्याशिवाय काही मिळणार नाही. हा समज बरोबर नाही. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू सुटला. त्या प्रकरणी सरन्यायाधीश भगवती यांच्या पीठाने डिसेंबर १९८६ मध्ये निर्णय दिला की, धोकादायक उद्योग चालविणाऱ्याचे दायित्व निरपवाद असते. आपण पुरेशी काळजी घेतली होती, ही सबब त्यास सांगता येत नाही. उद्योग जितका मोठा, तितकी भरपाईही मोठी असावी, असेही न्यायालयाने म्हटले. कामगारांपुरते बोलावयाचे तर, कामाच्या ओघात झालेल्या अपघाती मृत्यूची जबाबदारी १९२३ च्या कायद्यापासूनच मालकावर आहे. कामगार ठेकेदाराचा असला तरी मूळ मालक सुटत नाही.

मग अडते कोठे? अडते ते नोंदीपाशी. भोपाळचा अनुभव या बाबतीत फार कडू आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू पसरला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, तेव्हा मृतांची संख्या सुमारे ३,००० धरली होती. पुढे दाव्यांच्या चौकशीत ती ५,००० च्या वर गेली. रक्कम वाढवून मागणारी केंद्राची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. मोजणी पुरी होण्याआधी झालेला हिशेब पुन्हा उघडता आला नाही.

म्हणून गावातून कोणी कारखान्यात कामास गेला असेल, तर ठेकेदाराचे नाव, हजेरीपत्रक, वेतनचिठ्ठी व राज्य विम्याचा क्रमांक यांच्या प्रती घरी असाव्यात. मृतदेह न सापडल्यास तो माणूस त्या पाळीत आत होता, हे याच कागदांवरून ठरते. ग्रामसेवक व शिक्षक यांनी याकामी साहाय्य करावे.

सानुग्रह मदत व कायदेशीर भरपाई या भिन्न गोष्टी आहेत. पाशमैलारमच्या मृतांच्या वारसांना प्रत्येकी एक कोटी रुपये देण्याचे कंपनीने जाहीर केले होते. परंतु घोषणा म्हणजे प्रदान नव्हे. १९२३ च्या कायद्यान्वये मृत्यूची भरपाई वारसाच्या हाती परस्पर न देता आयुक्तांकडे भरावयाची असे, ती याच कारणास्तव. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये, आणि पावती कोणत्या रकमेची आहे हे वाचून घ्यावे.

कारखान्याबाहेरील रहिवाशांसाठी १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे. त्याखालील अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो. विशाखापट्टणमच्या ७ मे २०२० च्या वायुगळतीनंतर राष्ट्रीय हरित लवादाने दुसऱ्याच दिवशी एलजी पॉलिमर्सला ५० कोटी रुपये भरावयास लावले होते. जिल्हाधिकारी असोत वा लवाद, भरपाईच्या अर्जाची मुदत पाच वर्षांची आहे.